दोन बोटे म्हणजे नेमकी कोणती? सांकेतिक भाषेतला हात कागदावर उतरवताना

सांकेतिक भाषेच्या वर्गात जायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मी वही काढली. शाळेपासूनची सवय. सर खूण करून दाखवत होते आणि मी भराभर मराठीत टिपून घेत होते: ‘दोन बोटे, गालाजवळ, दोनदा हलवायची.’ आठ दिवसांनी ते पान उघडले, हात गालापर्यंत नेला आणि तिथेच थांबला. दोन बोटे म्हणजे कोणती? तर्जनी आणि मधले, की अंगठा आणि करंगळी? चिकटलेली की फाकवलेली? सरळ की आकड्यासारखी वाकवलेली? उरलेली तीन मिटलेली होती की सैल? नखे माझ्याकडे होती की समोरच्याकडे? लिहिले होते ते सगळे बरोबर होते, पण त्यातून ती खूण काही परत उभी राहीना.

एवढ्याशा अडचणीवर भाषाशास्त्रज्ञ, नर्तक, कोशकार आणि आता संगणकवालेही गेली दोनशे वर्षे डोके लावत आहेत. बोटांची जी ठेवण करून खूण केली जाते तिला हस्ताकार म्हणू. तो कागदावर कसा उतरवायचा, हा प्रश्न. वरवर वाटते त्याहून तो अवघड आहे, आणि त्यात शिरल्यावर सांकेतिक भाषा ही हातवाऱ्यांची सोय नसून पूर्ण भाषा आहे, हे जितके लख्ख दिसते तितके दुसऱ्या कशाने क्वचितच दिसत असेल.

हस्ताकार बदलला की अर्थ बदलतो. अमेरिकन सांकेतिक भाषेतले नेहमीचे उदाहरण घ्या. तर्जनीचे टोक गालाला लावून मनगट फिरवले की गोळी-चॉकलेट. तीच तर्जनी आकड्यासारखी वाकवली की सफरचंद. तर्जनी मिटून करंगळी लावली की मत्सर. जागा तीच, हालचाल तीच, फक्त बोट वेगळे. आपल्याकडे ‘कान’, ‘पान’, ‘मान’ या शब्दांत पहिल्या व्यंजनाने जो फरक पडतो, तोच तिथे बोट पाडते. म्हणजे हस्ताकार हा त्या भाषेतला एक प्रकारचा वर्ण झाला. मग त्यांची वर्णमाला केवढी असेल?

नुसता हिशोब केला तर आकडा फुगतो. चार बोटे, प्रत्येक सरळ, वाकलेले किंवा मिटलेले, अशा ८१ जोडण्या होतात. अंगठ्याच्या तीनच जागा धरल्या तरी २४३. बोटे चिकटलेली की फाकलेली हे त्यात घातले तर आणखी वाढ. प्रत्यक्षात मात्र कुठलीही सांकेतिक भाषा यातले काही डझन आकारच वापरते, आणि त्यामागे हाताची घडणही आहे. आत्ता करून बघा. तळहात टेबलावर उपडा ठेवा आणि मधले बोट दुमडून तळहाताखाली घ्या. आता बाकीची बोटे एकेक करून उचला. अंगठा उचलेल, तर्जनी उचलेल, करंगळीही उचलेल. अनामिका मात्र जवळजवळ जागची हलणार नाही. बोटे सरळ करणारे स्नायूबंध हाताच्या पाठीवर एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी बांधलेले असतात. तर्जनी आणि करंगळीला स्वतःचा वेगळा स्नायू मिळालेला आहे, अनामिकेला नाही. एकटी तर्जनी किंवा एकटी करंगळी उभी असलेले आकार ठिकठिकाणच्या भाषांत सापडतात आणि एकट्या अनामिकेचा आकार दुर्मीळ, त्याचे एक कारण हे.

रॉबिन बॅटिसन या अभ्यासकाने १९७८ साली अमेरिकन सांकेतिक भाषेतले सात साधे हस्ताकार वेगळे काढले: मुठीचे दोन प्रकार, सपाट हात, फाकवलेली पाचही बोटे, तर्जनी, वाटीसारखा अर्धगोल आणि टोके जुळवलेला पूर्ण गोल. दोन हातांच्या खुणेत दोन्ही हातांचे आकार वेगवेगळे असतील, तर स्थिर राहणारा हात सहसा या सातांपैकीच एखादा आकार घेतो. लहान मुलेही साधारण हेच आकार आधी उचलतात. म्हणजे हाताच्या वर्णांतही सोपे-अवघड आहे, नियम आहेत.

अक्षरांची उसनवारी

हातांच्या खुणा लिहिण्याचा पहिला मोठा प्रयत्न पॅरिसमधला. ओग्युस्त बेबियाँ या शिक्षकाने १८२५ साली सुमारे १९० चिन्हांची एक लिपी मांडली. ती रुजली नाही. खरे वळण आले ते वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजात. हे कर्णबधिरांचे कॉलेज, आणि १९५५ साली तिथे विल्यम स्टोकी इंग्रजी शिकवायला रुजू झाले. विद्यार्थी आपसात जे हात हलवतात ती मोडकीतोडकी चित्रभाषा आहे, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. स्टोकींना मात्र दिसले की प्रत्येक खुणेचे सुटे भाग पाडता येतात: ती कुठे होते, हात कोणत्या आकाराचा आहे आणि हालचाल कोणती. १९६० साली त्यांनी हे लिहून मांडले. १९६५ साली डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनबर्ग या दोन कर्णबधिर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेचा कोश काढला. त्यात एकूण ५५ चिन्हे होती, पैकी १९ हस्ताकारांची. शब्द इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेले नव्हते, खुणेच्या घटकांच्या क्रमाने लावलेले होते. एखाद्या सांकेतिक भाषेला तिच्या स्वतःच्या क्रमाने कोशात बसवणे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

हस्ताकारांच्या चिन्हांसाठी स्टोकींनी नवी चित्रे काढली नाहीत. अमेरिकेत एका हाताने इंग्रजी अक्षरे दाखवण्याची पद्धत आहे, तिथलीच अक्षरे बहुतेक ठिकाणी घेतली. त्या पद्धतीत ‘वाय’ अक्षर अंगठा आणि करंगळी ताणून दाखवतात, म्हणून तो आकार झाला ‘वाय’. तर्जनी आणि मधले बोट फाकवले की ‘व्ही’. टंकलेखन यंत्रावर उमटणारी अक्षरे असल्याने छापायलाही सोपे.

पण १९ चिन्हांत सगळे आकार बसतात कसे? अंगठा मुठीच्या बाजूला टेकला आहे, बोटांवर आडवा पडला आहे की बोटांमध्ये खोचला आहे, असे मुठीचे तीन प्रकार अमेरिकेच्या त्या एकहाती पद्धतीत तीन वेगळी अक्षरे दाखवतात. स्टोकींनी खुणांसाठी तिन्हींना एकच चिन्ह दिले, कारण त्यांच्या मते खुणांमध्ये या फरकाने अर्थ बदलत नव्हता. यावर कुणी घाईने नाक मुरडू नये, कारण आपण रोज हेच करतो. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च एक नाही, जीभ वेगळ्या ठिकाणी लागते. ‘सारे जग’ आणि ‘शंभर वर्षे जग’ यातले दोन ज वेगळे आहेत. लिहिताना मात्र अक्षर एकच, आणि मराठी माणूस कधी अडखळत नाही, कारण भाषा त्याला आधीच येते. अडतो तो बाहेरून आलेला. स्टोकींच्या चिन्हांचेही तेच आहे. ती भाषा येणाऱ्याला पुरतात. कधी न पाहिलेल्या भाषेतली खूण त्यांनी टिपायला घेतली की अपुरी पडतात.

दुसरी अडचण आपल्या जास्त जवळची. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरे बहुधा दोन्ही हातांनी दाखवतात, ब्रिटिश पद्धतीशी मिळत्याजुळत्या रीतीने. मग आपल्या वर्गातल्या मुलीला ‘वाय हात कर’ म्हटले तर ती काय समजेल? नाव त्या आकाराचे वर्णन करत नाही, अमेरिकेतल्या दुसऱ्या एका पद्धतीची आठवण करून देते. तरी संशोधनात हीच नावे जगभर चालतात.

आकारांना नावे द्यायची तर आपल्याकडे साठा कमी नव्हता. नाट्यशास्त्राने एका हाताचे २४ हस्त नावानिशी सांगितले आहेत: पताक, मुष्टि, शिखर, सूची, हंसास्य, मृगशीर्ष. मुष्टि म्हणजे मूठ, शिखर म्हणजे अंगठा वर असलेली मूठ, सूची म्हणजे उभी तर्जनी. पाहिल्याबरोबर कळावे अशी नावे आहेत. शिवाय मराठीत ‘करपल्लवी’ हा शब्दच आहे. अहिफण, म्हणजे सापाची फणा, केली की अ पासूनचे स्वर, कमळ केले की क-वर्ग, चक्र केले की च-वर्ग, असा आधी वर्ग दाखवायचा, मग बोटांच्या संख्येने वर्गातले अक्षर आणि चुटक्यांनी मात्रा. आकाराच्या नावाचे पहिले अक्षर तेच वर्गाचे अक्षर, म्हणजे लक्षात ठेवायलाही वेगळे कष्ट नाहीत. मात्र गल्लत नको. करपल्लवी ही बोललेल्या भाषेची अक्षरे हाताने दाखवण्याची गुप्त रीत, आणि नृत्याचे हस्त हा रंगमंचाचा संकेत. कर्णबधिरांची भाषा या दोन्हींतून निघालेली नाही. ती त्यांच्या घरांत, शाळांत, वसतिगृहांत, एकमेकांच्या सहवासात वाढली आहे. मी फक्त नावांबद्दल बोलते आहे.

आणि नावही किती फसवू शकते, ते मृगशीर्षावरून कळते. अंगठा आणि करंगळी ताणलेली, म्हणजे पाहणारा म्हणेल हा तर ‘वाय’च. पण ‘वाय’मध्ये मधली तीन बोटे तळहातावर पूर्ण मिटलेली असतात. मृगशीर्षात ती फक्त मुळाशी वाकून पुढे येतात आणि पुढे सरळच राहतात. हा फरक टिपायचा तर नावाच्या खाली, सांध्यांपर्यंत उतरावे लागते.

बाराखडीची युक्ती

रोमन अक्षरांसारखी सुटी सुटी चिन्हे न घेता मूळ अक्षराला काना-मात्रा जोडावी, तशी सोय केली तर? पुढच्या दोन महत्त्वाच्या लिप्या याच वाटेने गेल्या.

पहिली साइनरायटिंग. व्हॅलरी सटन या अमेरिकन बाईंनी आधी नृत्याच्या हालचाली लिहिण्याची लिपी तयार केली होती. त्या डेन्मार्कमध्ये असताना कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांना विचारले की यातून खुणा लिहिता येतील का. १९७४ साली साइनरायटिंग जन्मली. तिच्यात मूठ म्हणजे चौकोन. चौकोनातून एक रेघ बाहेर काढली की एक बोट उघडले. तळवा खूण करणाऱ्याच्या स्वतःकडे असेल तर चौकोन पांढरा, हाताची पाठ त्याच्याकडे असेल तर काळा, हात कडेने दिसत असेल तर अर्धा पांढरा अर्धा काळा. हात जमिनीला समांतर असेल तर बोटाची रेघ चौकोनापासून किंचित तुटलेली. सगळे खूण करणाऱ्याच्या नजरेतून लिहायचे, त्यामुळे लिहिताना स्वतःच्या हाताकडे बघितले की झाले. मी पहिल्यांदा ही लिपी पाहिली तेव्हा अर्ध्या तासात काही आकार ओळखायला लागले होते. ब्राझीलमध्ये तिच्यात कोश निघाला आहे, निकाराग्वातल्या शाळांत ती शिकवली गेली, आणि २०१५ साली युनिकोडमध्ये तिची ६७२ चिन्हे दाखल झाली. चेहऱ्याचे भावही तिच्यात लिहिता येतात, आणि सांकेतिक भाषेत भुवई उचलणे हे व्याकरण असते. कर्णबधिर मुलांनी स्वतःच्या भाषेत चिठ्ठी लिहावी, गोष्ट लिहावी, असे वाटत असेल तर आजवरच्या लिप्यांत माझा कौल हिलाच आहे.

दुसरी हॅमनोसिस, १९८० च्या दशकात हॅम्बुर्ग विद्यापीठात झिगमुंड प्रिलवित्झ आणि सहकाऱ्यांनी घडवलेली. हिच्यात सुमारे २०० चिन्हे आहेत. मूठ, सपाट हात, वेगळी काढलेली बोटे असे थोडे मूळ आकार, आणि त्यांना अंगठा कुठे आहे, बोटे किती वाकली आहेत हे सांगणाऱ्या खुणा जोडायच्या. ‘क’ला वेलांटी दिल्यासारखे. बोटांनी अक्षरे दाखवण्याच्या कुठल्याही देशाच्या पद्धतीवर ती उभी नाही, म्हणून तिच्यात कोणत्याही सांकेतिक भाषेतली खूण लिहिता येते. पण एका खुणेला आठ-दहा चिन्हांची माळ लागते, तेव्हा तिच्यात पत्र कोणी लिहीत नाही. ती संशोधकांची आहे, आणि यंत्रांची. पडद्यावरच्या संगणकी बाहुलीने खूण करावी म्हणून युरोपात जे प्रकल्प झाले, त्यांनी बाहुलीला हॅमनोसिसच वाचायला दिली.

याहून खोल गेले ते रॉबर्ट जॉन्सन आणि स्कॉट लिडेल. २०१० नंतरच्या त्यांच्या लेखांत हात बोटाबोटाने आणि बोट सांध्यासांध्याने लिहिले आहे: मुळाचा सांधा, मधला, टोकाचा, प्रत्येक किती ताणलेला आणि किती दुमडलेला. यात काहीच सुटत नाही, पण एका मिनिटाचे संभाषण उतरवायला किती वेळ लागेल याची कल्पना करा.

डायन ब्रेंटारी यांनी १९९८ साली जी मांडणी केली तिचे मला म्हणूनच अप्रूप वाटते. एका खुणेत सगळी बोटे सारख्या कामाची नसतात. काही निवडलेली असतात, तीच वाकतात, उघडतात, शरीराला टेकतात. उरलेली नुसती बाजूला होतात, एक तर मिटून किंवा एक तर पसरून. म्हणजे पाचही बोटांचे पंधरा सांधे लिहायची गरज नाही. निवडलेली बोटे कोणती आणि त्यांचे सांधे कसे, एवढे लिहा, बाकीच्यांबद्दल एक शब्द पुरे. खूण चालू असताना बोटे मिटतात-उघडतात, पण निवड सहसा बदलत नाही. माझ्या वहीतल्या ‘दोन बोटे’ या शब्दांत हाच विचार होता, फक्त अर्धवट.

चिन्ह ठरले, तरी हात ठरत नाही

चिन्हे कोणतीही घ्या, टिपायला बसल्यावर एक पेच येतोच. अमेरिकन सांकेतिक भाषेत ‘मी’ म्हणताना तर्जनी स्वतःकडे दाखवतात, कोशात तसेच आहे. पण भराभर बोलताना शेजारच्या खुणेत अंगठा उघडा असेल तर ‘मी’मध्येही तो उघडतो, शेजारी पूर्ण पंजा असेल तर कधी पाचही बोटे उघडतात. आपण ‘आता काय करायचे आहे’ हे ‘आता काय करायचंय’ म्हणतो तसेच. मग टिपणाऱ्याने काय लिहायचे, हाताने प्रत्यक्ष केलेला आकार की माणसाला म्हणायची असलेली खूण? चांगल्या संग्रहांत दोन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहितात. नाइमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेत तयार झालेले एलान हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी फार वापरले जाते: वर व्हिडिओ, खाली समांतर ओळी, एकीत खुणेचे ठरलेले नाव, दुसरीत उजव्या हाताचा आकार, तिसरीत डाव्याचा.

व्हिडिओ असताना लिहायचे कशाला, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यात आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने २०१८ साली ३,००० शब्दांचा व्हिडिओ कोश काढला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर नेला. मोलाचे काम आहे. त्याआधी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूरु इथल्या खुणा गोळा करून हा पाया घातला. वसिष्ठ स्वतः कर्णबधिर. पण समजा, लोकलमध्ये समोर दोघे कर्णबधिर मित्र बोलत आहेत आणि त्यातली एक खूण मला कळली नाही. मला फक्त तिचे रूप दिसले आहे, शब्द माहीत नाही. शब्दाच्या क्रमाने लावलेल्या कोशात ती मी शोधणार कशी? ऑस्ट्रेलियात ट्रेव्हर जॉन्स्टन यांनी १९८९ साली, ब्रिटनमध्ये डेव्हिड ब्रायन यांच्या संपादनाखाली १९९२ साली हस्ताकारांच्या क्रमाने कोश निघाले, ते याचसाठी. आपल्याकडच्या प्रत्येक कोशाला अशी एक हाताची अनुक्रमणिका असावी, असे मला मनापासून वाटते.

मोबाइलचा कॅमेराही आता हात ओळखतो. गूगलचे मीडियापाइप एका हाताचे २१ बिंदू पकडते आणि प्रत्येकाची जागा आकड्यांत सांगते. पण बोट किती वाकले म्हणजे ‘सरळ’ संपून ‘वाकलेले’ सुरू झाले, हे ते २१ बिंदू सांगत नाहीत. ती रेष भाषा ओढते, आणि वेगवेगळ्या भाषा वेगवेगळ्या ठिकाणी ओढतात. ती कुठे आहे, हे ती भाषा जगणाऱ्या कर्णबधिर माणसांनाच विचारावे लागते.

माझ्या वहीत मी आता वाक्ये लिहीत नाही. पाच बोटांची पाच अक्षरे केली आहेत: अं, त, म, ना, क. पुढे आकडा: ० मिटलेले, १ सरळ, २ मुळाशी वाकलेले, ३ हुकासारखे वाकलेले. अंगठा-करंगळीचा तो ‘वाय’ म्हणजे ‘अं१ त० म० ना० क१’, आणि मृगशीर्ष म्हणजे ‘अं१ त२ म२ ना२ क१’. फरक एका नजरेत दिसतो. मुलासाठी ही भाषा शिकायला येणाऱ्या एक काकू माझ्या शेजारी बसतात. मागच्या आठवड्यात त्या एक दिवस आल्या नव्हत्या, म्हणून मी त्या दिवसाचे पान त्यांना दिले. “खूण दाखवत नाही काकू, तुम्ही वाचून करा,” म्हटले. त्यांनी चष्मा सारखा केला, एकेक बोट डाव्या हाताने धरून जागेवर बसवले, आणि हात वर केला. पाचही बोटे अचूक होती. सर दारातून बघत होते. ते जवळ आले, काकूंचे मनगट धरून तळवा हलकेच बाहेरच्या बाजूला वळवला आणि माझ्या पानाकडे बोट दाखवले. तळवा कुणीकडे, हे मी लिहिलेच नव्हते. मी ‘क’च्या पुढे आणखी एक रकाना आखला.